हरवलेली टेप आणि पुन्हा निघालेला अल्बम : 'लंडन कॉलिंग'

एखाद्या घटनेची बखर पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाते, तिच्यातले प्रसंग तोंडपाठ होतात आणि मग एके दिवशी कुणाच्या तरी माळ्यावरून अस्सल कागदांचे दप्तर निघते. मराठी इतिहासाच्या वाचकाला हा अनुभव नवा नाही. रॉक संगीताच्या इतिहासात असे दप्तर २००४ च्या मार्च महिन्यात निघाले. 'द क्लॅश' या ब्रिटिश पंक बँडचा गिटारवादक मिक जोन्स जुने सामान हलवत असताना एका खोक्यात त्याला काही टेप सापडल्या. त्या १९७९ सालीच हरवल्या, असे पंचवीस वर्षे सर्वजण धरून चालले होते.

त्याच वर्षी 'लंडन कॉलिंग' या अल्बमची पंचविसावी निघाली आणि सापडलेल्या टेपमधली २१ मुद्रणे तिच्या दुसऱ्या तबकडीवर छापली गेली. जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्त्या हा एरवी धंद्याचा भाग असतो. आवाज जरा उजळायचा, दोन-चार उरलीसुरली गाणी जोडायची, खोका जाड करायचा आणि ज्याने तोच अल्बम आधी दोनदा विकत घेतला आहे त्याला तिसऱ्यांदा विकायचा. ही आवृत्ती मात्र वेगळी निघाली. तिने अल्बमविषयी सांगितल्या जाणाऱ्या बखरीलाच धक्का दिला.

आधी ती बखर काय होती, ते पाहू.

१९७६ च्या सुमारास लंडनमध्ये पंकचा भडका उडाला तो मोठ्या संगीताविरुद्ध. वीस-वीस मिनिटांची गाणी, प्रचंड ध्वनियंत्रणा, खासगी विमानातून फिरणारे गायक, हे सगळे बेकारीच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरांना परके वाटत होते. वाजवता येत नसले तरी वाजवा, हा पंकचा पहिला धडा. त्या काळी हाताने जुळवून झेरॉक्सवर काढलेल्या एका नियतकालिकात गिटारच्या तीन कॉर्डच्या आकृत्या छापून, आता बँड काढा, असा सल्ला दिलेला आढळतो. (ही आकृती सर्रास 'स्निफिन ग्लू'च्या नावावर खपवली जाते. ती 'साइडबर्न्स' नावाच्या दुसऱ्याच छोट्या नियतकालिकातली आहे. उद्धृत करणारा मूळ अंक उघडून पाहत नाही, हा रोग सर्व देशांच्या इतिहासलेखनाला सारखाच आहे.)

पंकचा दुसरा धडा असा की, भूतकाळ नको. मार्च १९७७ मध्ये निघालेल्या क्लॅशच्या पहिल्या एकेरी तबकडीच्या मागच्या बाजूला '१९७७' नावाचे गाणे होते. एल्व्हिस, बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स या तिघांचीही सद्दी संपल्याचे त्यात जाहीर केलेले होते. त्याच वर्षी १६ ऑगस्टला एल्व्हिस प्रेस्ली खरोखरच वारला. तेव्हा ते गाणे काही जणांना भविष्यवाणीसारखे वाटले असेल तर नवल नाही.

या दोन धड्यांच्या पार्श्वभूमीवर १४ डिसेंबर १९७९ रोजी 'लंडन कॉलिंग' आला. दोन तबकड्या, एकोणीस गाणी. त्यांत रेगे, स्का, रॉकबिली, जॅझची झाक, ब्रास वाद्यांचा ताफा, स्पेनच्या यादवी युद्धावरचे एक गाणे आणि माँटगोमरी क्लिफ्ट या हॉलिवूडच्या अभिनेत्यावरचे दुसरे. तीन कॉर्डवाल्यांनी हे कसे केले, या प्रश्नाला बखरीने दिलेले उत्तर फार रंगतदार होते. त्या उत्तराचे नाव गाय स्टीव्हन्स.

स्टीव्हन्स हा अल्बमचा निर्माता. साठच्या दशकात लंडनच्या 'सीन क्लब'मध्ये तबकड्या लावणारा आणि अमेरिकन कृष्णवर्णीयांचे रिदम अँड ब्लूज ब्रिटिश पोरांच्या कानांवर घालणारा हा माणूस १९७९ पर्यंत दारूने पोखरला होता आणि धंद्यात त्याला कुणी विचारत नव्हते. हायबरी भागातल्या वेसेक्स स्टुडिओत त्याने जे केले त्याच्या कथा प्रत्येक पुस्तकात आहेत. मुद्रण चालू असताना तो शिडी गरागरा फिरवी, खुर्च्या भिंतीवर फेकी, वाजत असलेल्या पियानोत त्याने दारू ओतली. 'ब्रँड न्यू कॅडिलॅक' या गाण्याची लय वाजवता वाजवता वाढत गेली, अशी तक्रार ड्रमवादक टॉपर हेडनने केली. तेव्हा रॉक अँड रोलमध्ये लय वाढतेच, असे सांगून त्याने पहिलेच मुद्रण कायम केले, असे म्हणतात. एकूण निष्कर्ष असा काढला गेला की, एका वेड्या माणसाने चार तरुणांमधली वीज बाहेर खेचली आणि काही आठवड्यांत, उत्स्फूर्तपणे, एक अभिजात कृती जन्माला आली.

ही कथा लोकांना आवडते. पंकलाही आवडते, कारण तीत मेहनतीचा वास नाही.

आता दप्तराकडे.

१९७८ च्या अखेरीस क्लॅशने आपला व्यवस्थापक बर्नी ऱ्होड्स याला दूर केले आणि त्याच्याबरोबर कॅम्डेनमधली तालमीची जागाही गेली. दुसरा अल्बम निघून काही महिने झाले होते, हातात नवी गाणी जवळजवळ नव्हती, पैशांची चणचण होती. अशा स्थितीत १९७९ च्या उन्हाळ्यात पिम्लिकोमध्ये मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजच्या मागे त्यांना खोली मिळाली. तिचे नाव व्हॅनिला. बाहेरून कुणाला पत्ता लागू नये अशी ती जागा होती, आणि बाहेरच्यांना तिथे मुद्दामच फारसे बोलावले जात नसे. दिनक्रम एखाद्या कारखान्याच्या पाळीसारखा. दुपारी जमायचे, वाजवायचे, समोरच्या मैदानात फुटबॉल खेळायचा, परत येऊन पुन्हा वाजवायचे. सुरुवातीला ते स्वतःचे काही वाजवतच नव्हते. जुनी रॉकबिली, जमैकाची गाणी, कुठले कुठले ठेके असे इतरांचे संगीत ते हाताखालून घालत राहिले. ते चालले आठवडेच्या आठवडे.

तिथे टिॲक कंपनीच्या चार-ट्रॅक यंत्रावर त्यांनी कच्ची मुद्रणे केली. ती गाय स्टीव्हन्सला ऐकवायची होती. टेप पोहोचवण्याचे काम बँडच्या सोबत फिरणाऱ्या जॉनी ग्रीनकडे आले. त्याने स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, वाटेत पबमध्ये थांबणे झाले, गाडीत डोळा लागला, जाग आली तेव्हा स्टेशन आले होते. तो घाईने उतरला आणि टेप गाडीतच राहिल्या. अशा रीतीने 'लंडन कॉलिंग'चे पूर्वरूप लंडनच्याच आगगाडीत हरवले. जोन्सजवळ दुसरी प्रत आहे, हे बहुधा खुद्द जोन्सही विसरला होता.

२००४ च्या आवृत्तीत ही मुद्रणे ऐकताना पहिली गोष्ट जाणवते ती आवाजाची गरिबी. सगळे खोलीच्या दुसऱ्या टोकाहून आल्यासारखे वाटते. दुसरी गोष्ट हळूहळू लक्षात येते. शिड्या फिरण्याच्या आणि खुर्च्या उडण्याच्या कितीतरी आधी या गाण्यांची चौकट उभी आहे. कुठे थांबायचे, कुठे ठेका मोडायचा, कुठे दुसरा आवाज घ्यायचा, यातले बरेचसे ठरलेले आहे. नावे मात्र अजून कच्ची आहेत. पुढे 'क्लॅम्पडाउन' झालेल्या गाण्याचे नाव इथे 'वर्किंग अँड वेटिंग' आहे. माँटगोमरी क्लिफ्टवरच्या गाण्याला अद्याप क्लिफ्ट भेटलेला नाही. ती नुसती शब्दांविना धून आहे आणि तिला 'अप-टून' असे काहीतरी तात्पुरते नाव दिलेले आहे. 'जिमी जॅझ'चे नावही वेगळे आहे. सोवेटोवर एक गाणे आहे, ते पुढे अल्बममध्ये आलेच नाही. बॉब डिलनचे एक गाणे रेगेच्या अंगाने वाजवून पाहिलेले आहे. थोडक्यात, ही कच्ची वही आहे आणि तिच्यात खाडाखोड दिसते.

'उत्स्फूर्त' हा शब्द इथे गळून पडतो. चार माणसे आठवड्यामागून आठवडे, काम म्हणून, तालीम करत होती. त्यातही ती नवखी नव्हती. गायक जो स्ट्रमर पंकच्या आधी 'वन ओ वनर्स' नावाच्या बँडमध्ये पबमधून रॉक अँड रोल गात असे. टॉपर हेडन जॅझ आणि सोल वाजवून तयार झालेला होता. बेस गिटारवाला पॉल सिमोनन मात्र बँडमध्ये आल्यावर शिकला आणि शिकण्यासाठी त्याच्यासमोर होत्या त्या रेगेच्या तबकड्या. तीन कॉर्डची आकृती पाहून रातोरात बँड काढणाऱ्यांच्या यादीत क्लॅशला बसवणे कठीण आहे.

मग गाय स्टीव्हन्सचे काय? टेप निघाल्यावर त्याचे महत्त्व कमी करण्याकडे काहींचा कल झाला, आणि तो अन्यायाचा आहे. एकाच गाण्याची व्हॅनिलातली आणि वेसेक्समधली मुद्रणे लागोपाठ ऐकावीत. रचना तीच असते, पण दुसऱ्यात माणसे जागी झालेली असतात. त्या जागेपणाचे श्रेय स्टीव्हन्सच्या गोंधळाला किती आणि यंत्रापाशी शांत बसून सगळे नीट टिपणाऱ्या बिल प्राइस या ध्वनिमुद्रकाला किती, हे टेपवरून ठरवता येत नाही. कथा रंगवणाऱ्यांना प्राइसचे नाव क्वचितच आठवते. जो खुर्च्या फेकत नाही त्याच्याबद्दल सांगण्यासारखे काय असते? स्टीव्हन्स ऑगस्ट १९८१ मध्येच वारला. दप्तर निघाले तेव्हा त्याची बाजू सांगायला तो नव्हता.

या टेपमधला सर्वांत मोलाचा कागद कुठला, असे विचारले तर उत्तर 'पॉल्स ट्यून' असे द्यावे लागेल. ही सिमोननची धून. बेसचा जड, दबकत चालणारा ठेका, वर रेगेची कापरी गिटार आणि शब्द एकही नाही. पुढे हिचेच 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन' झाले.

हे गाणे इतिहासप्रेमींच्या विशेष आवडीचे असण्याचे कारण उघड आहे. ब्रिक्स्टन हा दक्षिण लंडनमधला भाग. दुसऱ्या महायुद्धानंतर जमैका आणि इतर कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांनी तो वसवला. १८२४ च्या भटकेविरोधी कायद्यातले एक कलम वापरून पोलीस तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांना निव्वळ संशयावरून रस्त्यात अडवत आणि झडती घेत. एप्रिल १९८१ मध्ये तिथे मोठी दंगल उसळली. पोलीस दारावर आले तर काय कराल, असे विचारणारे सिमोननचे गाणे त्याआधी सव्वा वर्ष दुकानांत आलेले होते. तेव्हापासून त्याला 'भविष्यवाणी' म्हणण्याची प्रथाच पडली. ज्या बँडच्या एका गाण्याला एल्व्हिसच्या मृत्यूची भविष्यवाणी ठरवता येते, त्याच्या दुसऱ्या गाण्याला दंगलीची ठरवायला कितीसा वेळ लागणार?

भविष्यवाणी हा शब्द इतिहासाच्या विद्यार्थ्याने जपून वापरावा. तो वापरला की घटनेच्या आधीची वर्षे रिकामी होतात, जणू १९८१ पर्यंत काही घडतच नव्हते आणि एका गायकाला मात्र दिव्यदृष्टी होती. प्रत्यक्षात सिमोनन त्या भागातच वाढलेला. ऑगस्ट १९७६ मध्ये नॉटिंग हिलच्या कार्निव्हलमध्ये कृष्णवर्णीय तरुण आणि पोलीस यांच्यात झालेली चकमक त्याने आणि स्ट्रमरने तिथे हजर राहून पाहिलेली. १९७२ सालच्या 'द हार्डर दे कम' या जमैकन चित्रपटातल्या बंदूकधारी नायकाचा उल्लेख गाण्यातच आहे. म्हणजे गाण्यातले काहीही भविष्यातून आलेले नाही. सगळे रस्त्यावरून आणि चित्रपटगृहातून आलेले आहे. ब्रिक्स्टनमध्ये राहणाऱ्यांना १९८१ ची दंगल कळण्यासाठी गाण्याची गरज नव्हती. गरज होती ती बाहेरच्यांना, आणि त्यांनी ते दंगलीनंतर ऐकले.

'पॉल्स ट्यून' या चर्चेत आणखी एक साधी गोष्ट घालते. व्हॅनिलात शब्द नव्हते, आधी चाल आली. सिमोननने पुढे अगदी मोकळेपणाने सांगितलेले कारण तर आणखी व्यवहाराचे आहे. बँडचे कपडे आणि पोस्टर यांचे काम तो करी, पण त्याचे मानधन कुणी देत नसे. पैसे गाणी लिहिणाऱ्याला मिळत. म्हणून त्याने गाणे लिहिले. ब्रिक्स्टनचा आक्रोश आणि मानधनाचा हिशेब एकाच माणसाच्या डोक्यात सुखाने नांदू शकतात, हे बखरीला पेलत नाही. कागदाला पेलते.

अल्बमच्या नावाकडेही पुन्हा पाहावे. युद्धकाळात बीबीसीच्या परदेशी प्रसारणाच्या आरंभी जी घोषणा होई, त्या घोषणेतले हे दोन शब्द. युरोपातल्या व्याप्त देशांत लोक चोरून तो आवाज ऐकत. पण तो आवाज फक्त युरोपासाठी नव्हता. साम्राज्यालाही तो हाक मारत होता आणि त्या हाकेत मराठीही होती. १९४२ साली बीबीसीने मराठीतून प्रसारण सुरू केले. कोल्हापूरकडच्या शिरोळच्या वेणू चितळे त्या काळात बीबीसीच्या भारतीय विभागात जॉर्ज ऑर्वेलबरोबर काम करत होत्या. म्हणजे या नावातला 'लंडन' दूरच्या घरांना, त्यांनी विचारले असो वा नसो, हाक घालणारा आहे.

स्ट्रमरचे कुटुंब नेमके त्या दूरच्या घरांपैकी होते. त्याचे खरे नाव जॉन ग्रॅहम मेलर. जन्म १९५२ सालचा, अंकारातला. वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात होते, त्यामुळे बालपण कैरो, मेक्सिको सिटी, बॉन असे फिरत गेले आणि मग निवासी शाळा. वडिलांचा जन्म लखनौचा. पंकच्या ऐन भरात स्ट्रमरने ही पार्श्वभूमी शक्यतो झाकून ठेवली, आणि ते समजण्यासारखे आहे. रस्त्यावरचा आवाज म्हणून मिरवणाऱ्याला राजनैतिक अधिकाऱ्याचा मुलगा असणे परवडत नव्हते. तरी मे १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याने आपल्या गाण्यासाठी साम्राज्याच्या रेडिओचे जुने शब्द उचलले आणि ते उलटे लावले. ते शब्द युद्धात धीर देण्यासाठी होते. गाण्यात लंडन संकटाची यादी वाचून दाखवते. ही यादी हवेतली नव्हती. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला होता. थेम्स फुगली तर शहर बुडेल ही भीती इतकी खरी होती की, नदीवर भल्यामोठ्या बंधाऱ्याचे काम चालू होते. तो कामास आला १९८२ मध्ये.

आता मुखपृष्ठ. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यू यॉर्कच्या पॅलेडियम नाट्यगृहात सिमोनन आपला फेंडर बेस कुऱ्हाडीसारखा उगारून रंगमंचावर आपटत असताना पेनी स्मिथने काढलेले ते छायाचित्र. प्रेक्षकांना खुर्च्यांतून उठू दिले जात नव्हते, म्हणून तो वैतागला होता. स्मिथला हे छायाचित्र वापरायचे नव्हते, कारण ते अस्पष्ट आले होते. स्ट्रमर आणि मांडणी करणारा रे लॉरी यांनी हट्ट धरला. लॉरीने भोवती जी अक्षरे लावली, उभ्या ओळीत गुलाबी आणि खाली आडवी हिरवी, ती थेट एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५६ सालच्या पहिल्या अल्बमवरून उचललेली होती. एल्व्हिस संपला असे ज्यांनी दोनच वर्षांपूर्वी जाहीर केले, त्यांच्याच दारावर आता एल्व्हिसचे तोरण. 'ब्रँड न्यू कॅडिलॅक' हे गाणेही असेच. १९५९ सालचे, व्हिन्स टेलरचे. व्हॅनिलात महिनोन्‌महिने इतरांची गाणी वाजवल्यावर पहिल्या पिढीच्या रॉक अँड रोलशी भांडण कशाला उरेल? जे तरुण भूतकाळ नाकारत होते ते तो घोकत बसले होते, एवढेच टेपने उघड केले.

नव्या आवृत्त्यांनी या अल्बमचे काय बिघडवले, तेही सांगायला हवे. 'ट्रेन इन व्हेन' हे गाणे मूळ अल्बममध्ये सर्वांत शेवटी आहे, पण मूळ वेष्टनावर त्याचे नाव नव्हते. ते एका साप्ताहिकासोबत मोफत वाटायचे होते. तो बेत फसला तेव्हा गाणे ऐनवेळी तबकडीत घातले गेले आणि तोवर वेष्टने छापून झाली होती. १९७९ च्या ग्राहकाला यादी संपल्यावर अचानक एक प्रेमभंगाचे गाणे ऐकू येई, पोथीच्या अनुक्रमणिकेत नसलेला अध्याय शेवटी निघावा तसे. पुढच्या आवृत्त्यांनी यादीत नाव घालून चूक दुरुस्त केली. दुरुस्ती बरोबरच आहे, पण तिच्याबरोबर ते दचकणे गेले. चिकित्सक आवृत्ती काढणाऱ्याने निदान तळटीप दिली असती.

त्याहून मोठे नुकसान किमतीचे. या दोन तबकड्या एका तबकडीच्या भावात विकाव्यात, असा क्लॅशचा आग्रह होता. सीबीएस कंपनीने दोन तबकड्यांचा अल्बम नाकारला. मग बँडने सोबत एक मोफत एकेरी तबकडी द्यायची परवानगी मागितली. ती मिळाल्यावर त्या मोफत तबकडीवर गाणी चढत गेली आणि शेवटी ती पूर्ण अल्बमच झाली. ब्रिटनमध्ये सगळा ऐवज ५ पौंडांना मिळत होता. ही निव्वळ चतुराई नव्हती. बेकार पोराच्या खिशाचा विचार त्या वस्तूच्या रचनेतच होता. पुनर्प्रकाशनात आवाज शाबूत राहतो, छायाचित्र शाबूत राहते, ही किंमत राहू शकत नाही. २०१३ मध्ये क्लॅशचे सारे काम एका खोक्यात निघाले. सिमोननने तो खोका जुन्या टेपरेकॉर्डरच्या आकाराचा केला होता. वस्तू देखणी आहे, पण ५ पौंडांच्या अल्बमशी तिचे नाते वाड्याचे आणि वाड्याच्या लाकडी प्रतिकृतीचे.

बाकी सन्मानांचे थोडक्यात. ब्रिटनमध्ये हा अल्बम विक्रीच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेला. अमेरिकेत तो जानेवारी १९८० मध्ये निघाला, आणि एवढ्याच कारणाने 'रोलिंग स्टोन' मासिकाने १९८९ साली त्याला ऐंशीच्या दशकातला सर्वश्रेष्ठ अल्बम ठरवले. सत्तरच्या दशकातल्या लंडनचा दस्तऐवज केवळ आगबोटीच्या वेळापत्रकामुळे पुढच्या दशकाचा मुकुटमणी झाला. २०१० मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने त्याच्या मुखपृष्ठाचे तिकीट काढले, कोपऱ्यात रीतीप्रमाणे राणीची छाया. २०१९ मध्ये तो मोडका बेस लंडनच्या शहर-संग्रहालयात काचेआड मांडला गेला. याबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. पंकला संग्रहालयात डांबले, ही तक्रार मात्र फारशी खरी नाही. काचेआडचा बेस पाहणाऱ्या मुलाला निदान हे तरी दिसते की, लाकूड खरोखर फुटले होते.

प्रश्न आहे तो वेगळा. स्ट्रमर २२ डिसेंबर २००२ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने गेला. टेप सापडल्या त्यानंतर सव्वा वर्षाने. म्हणजे कच्च्या वहीत ज्याची खाडाखोड सर्वांत जास्त, त्याला ती छापावी का असे विचारणे शक्यच नव्हते. अर्धवट शब्द, चाचपडणारा गळा, टाकून दिलेली गाणी, हे सगळे त्याने जगासमोर येऊ दिले असते का? त्याच्या अल्बमांमधून जो स्ट्रमर दिसतो तो प्रत्येक ओळ जणू शेवटची म्हणून गाणारा. व्हॅनिलातला स्ट्रमर शब्द शोधतो आहे, काही ठिकाणी नुसताच गुणगुणतो आहे. कवीच्या मृत्यूनंतर त्याच्या वह्या छापणाऱ्या प्रत्येक संपादकापुढे हा पेच असतो, आणि बहुतेक संपादक तो छापण्याच्या बाजूने सोडवतात. इथेही तेच झाले. झाले ते बरे झाले, कारण त्या गुणगुणण्यातून एक माणूस कामाला बसलेला ऐकू येतो. तरी त्याची संमती नव्हती, ही नोंद राहिलीच पाहिजे.

आणि आणखी एक नोंद. दप्तर पुरते उघडलेले नाही. जोन्सच्या खोक्यात एकूण ३७ मुद्रणे निघाली. २००४ च्या तबकडीवर त्यांतली २१ आली.